कूलरमधली तीन पिल्लं आणि मी

मी एक जुनी शेकायची पिशवी आहे. लाल रबराची. माझ्या पाठीपोटावर उभ्या रेघा आहेत, गळ्याला एक बारीक चीर आहे, आणि माझं बूच माझं नाही, ते दुसऱ्याच कुठल्यातरी पिशवीचं आहे. मित्रांनो, आयुष्यात मला फारसं काही नीट समजलं असं मी म्हणणार नाही. पण त्या एका दिवशी जे घडलं, ते माझ्या अंगाला चिकटून घडलं. म्हणून ते सांगण्याचा थोडा हक्क मला आहे.

माझा जन्म कारखान्यात, साच्यात झाला. त्यातलं मला एवढंच आठवतं, की सगळीकडे रबराचा वास होता आणि माझ्यासारख्या कितीतरी जणी ओळीने उलट्या टांगलेल्या होत्या. तिथून मी नाशिकच्या एका औषधांच्या दुकानात आले. शकुन नुकतीच बाळंत झाली होती आणि तिची कंबर धरली होती, म्हणून तिच्या सासूबाईंनी मला विकत घेतलं. ते बाळ म्हणजे नूपुर. तिच्यात आणि माझ्यात फार तर आठ दिवसांचं अंतर असेल.

नूपुरचे बाबा दिगंबर रेल्वेत सिग्नलचे अभियंता आहेत. त्यांची दर तीन-चार वर्षांनी बदली होते. भुसावळ, चक्रधरपूर, खरगपूर, आणि मग कोलकात्यातलं गार्डन रीच. प्रत्येक घरात मी कामाला आले. नूपुरचं पोट दुखलं की मी, दिगंबररावांची मान आखडली की मी. चक्रधरपूरच्या थंडीत तर शकुन म्हणायची, "ही पिशवी नसती तर माझं काही खरं नव्हतं." असं कुणी म्हटलं की मला फार बरं वाटायचं.

मग घरात विजेवर चालणारी एक चपटी गादी आली. भिंतीतल्या प्लगला लावली की तापायची. तिला पाणी नको, बूच नको, गळायची भीती नको. मला कपाटाच्या तळाशी जुन्या चादरींखाली ठेवलं गेलं. गार्डन रीचच्या त्या घरात चार वर्षांत मला कुणी हात लावला नाही. रबर आतून एकमेकाला चिकटू लागलं. मी रागावले नाही. मला फक्त कळत नव्हतं, की आपण अजून पिशवी आहोत की नुसतं रबर.

गेल्या एप्रिलमध्ये दिगंबररावांची नागपूरला बदली झाली. घरात सामानाचे तीन ढीग पडले. न्यायचं, देऊन टाकायचं आणि फेकायचं. शकुनने मला न्यायच्या ढिगात ठेवलं. दिगंबररावांनी मला उचललं, दाबून पाहिलं आणि म्हणाले, "रबर विटलंय, शकुन. कशाला न्यायची?" मी फेकायच्या ढिगात गेले. तासाभराने शकुनने मला पुन्हा उचललं. "आईंनी घेतली होती ही," ती स्वतःशीच म्हणाली आणि मला देऊन टाकायच्या ढिगात ठेवलं. संध्याकाळी कुणाचा तरी पाय लागून मी परत फेकायच्या ढिगात पडले. मला काय व्हायचं आहे, हे त्या घरात कुणालाच नक्की माहीत नव्हतं.

त्याच संध्याकाळी कालबैसाखीचं वादळ आलं. चैत्र-वैशाखात कोलकात्यावर अशी वादळं येतात. अर्ध्या तासात सगळं उलटंपालटं करून जातात आणि मागे गारवा सोडतात. मागच्या व्हरांड्यात पाणी आलं, शिरीषाची एक फांदी मोडून कठड्यावर पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सामान बांधणारी माणसं आली. दिगंबरराव कार्यालयात शेवटच्या सह्या करायला गेले होते. व्हरांड्यात एक जुना कूलर होता. घरात एसी आल्यापासून तो बंदच होता. दोघांनी तो तिरका करून दारातून काढला, तसा त्याच्या बाजूच्या जाळीतून गवताचा आणि कापसाचा एक गोळा खाली पडला. कूलर तसाच पुढे गेला, जिन्यावरून खाली, ट्रकमध्ये. गोळ्याकडे पाहिलं ते तिसऱ्या माणसाने.

"इंदूर," तो म्हणाला.

मित्रांनो, मला वाटलं, बदली आता नागपूरऐवजी इंदूरला झाली. नूपुरलाही क्षणभर तसंच वाटलं असावं, कारण ती म्हणाली, "इंदूर कशाला?" मग तिलाच आठवलं. बंगालीत इंदूर म्हणजे उंदीर.

गोळ्यात तीन जीव होते. प्रत्येक नूपुरच्या अंगठ्यापेक्षा थोडा मोठा. डोळे मिटलेले, अंगावर केसांची नुसती सावली. त्या माणसाने झाडू आणला. शकुन उंदरांना घाबरते. ती दोन पावलं मागे सरकली, पण झाडूला तिनेच थांबवलं. "एक मिनिट," ती म्हणाली. पुढे काय करायचं, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

"आई, हा थंड झाला आहे," नूपुर म्हणाली. तिने एक पिल्लू तळहातावर घेतलं होतं. नूपुर लहानपणापासून बंगाल-झारखंडात वाढली आहे. तिचं मराठी असं इकडे-तिकडे होतं.

"हात नको लावू."

"पण तो थंड आहे. ह्याला दूध देऊ?"

शकुनने घड्याळ पाहिलं, दार पाहिलं, उघडी खोकी पाहिली. भांडी बांधून झाली होती. कागदी पेल्यात चहाचं उरलेलं दूध होतं. औषधाच्या खोक्यातून ड्रॉपर निघाला. नूपुरने एका पिल्लाच्या तोंडाशी थेंब धरला. पिल्लाने तोंड उघडलं. थेंब आत गेला, दुसरा गेला, आणि मग त्याच्या नाकातून दुधाचा फुगा आला. ते आकसलं. शिंकल्यासारखा एक बारीक आवाज झाला.

"थांब, थांब," शकुन म्हणाली. नूपुर थांबली. तिने ड्रॉपर खाली ठेवला.

तेवढ्यात श्यामसुंदर वर आले. ते कॉलनीचे म्हातारे माळी. मोडलेली फांदी न्यायला आले होते. त्यांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "काठबिडाली."

काठ म्हणजे लाकूड, बिडाल म्हणजे मांजर, इतकं मला कळलं. म्हणजे हे मांजर आहे का? सकाळपासून ही पिल्लं उंदीर होती, आता मांजर झाली. शकुनही गोंधळली. मग श्यामसुंदरांनी एका पिल्लाच्या पाठीवरून नख न लावता बोट फिरवलं. कातडीखाली फिकट पट्टे दिसत होते, बोटं ओढल्यासारखे.

"खार आहे ही," शकुन हळूच म्हणाली. "नूपुर, ही खारीची पिल्लं आहेत."

"दूध नहीं, बौदी," श्यामसुंदर म्हणाले. बौदी म्हणजे वहिनी. "पहले गरम करो. ठंडा बच्चा दूध नहीं पचाता."

गरम कशाने करायचं? विजेची गादी खोक्यात बंद होती आणि ते खोकं ट्रकमध्ये. शकुन इकडेतिकडे बघत राहिली. नूपुर उठली, फेकायच्या ढिगाशी आली आणि तिने मला ओढून काढलं.

चार वर्षांनी माझ्यात पाणी पडलं. आत चिकटलेलं रबर सुटताना मला दुखलं. शकुनने पाणी उकळलं नव्हतं, न्हाणीघरातल्या गीझरचं कोमट पाणी घेतलं होतं. मनगटाच्या आतल्या बाजूला लावून तिने दोनदा पाहिलं. मग मला जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळून बुटांच्या खोक्यात अर्ध्या भागात ठेवलं. उरलेला अर्धा भाग मोकळा, म्हणजे फार ऊन लागलं तर पिल्लांना बाजूला सरकता यावं. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. नूपुर तान्ही असताना ती असंच करायची.

तिन्ही पिल्लं माझ्याकडे सरकत आली. त्यांचं वजन मला जाणवलंसुद्धा नाही, जाणवले ते त्यांचे पंजे. कापडावरून ती माझ्या रेघा चाचपत होती. वर, खाली, पुन्हा वर. काहीतरी शोधत होती. ती काय शोधत होती ते मला बऱ्याच वेळाने कळलं, आणि कळलं तेव्हा मी फार ओशाळले. माझ्याकडे ते नव्हतं. माझ्यात फक्त पाणी होतं.

शकुनने मोबाइलवरून वन्यप्राण्यांच्या एका बचाव केंद्राचा नंबर शोधला. पलीकडे डॉक्टर वैदेहीदी होत्या, दी म्हणजे ताई. शकुनने फोन स्पीकरवर ठेवला होता. त्या शांत आवाजात हिंदीत विचारत होत्या. डोळे उघडले आहेत का? रक्त दिसतं का? मांजराने तोंडात धरलं होतं का? मग त्या म्हणाल्या, की काहीही भरवू नका. पिल्लं उबेत ठेवा आणि घरटं होतं तिथेच परत ठेवा. सगळे आत जा, दार लावा. खारीला माणसाचा वास लागला तरी ती पिल्लं टाकत नाही. बहुतेक वेळा आई जवळच असते, तुमच्यामुळे येत नाही. संध्याकाळपर्यंत नाही आली, तर माझ्याकडे घेऊन या.

"एकाला दूध दिलं," नूपुर मध्येच म्हणाली. "नाकातून आलं."

पलीकडून लगेच प्रश्न आला. "किती?"

"दोन थेंब."

"ठीक आहे, आता देऊ नका," वैदेहीदी म्हणाल्या. त्यांनी तिला रागावलं नाही.

घरटं होतं तिथेच ठेवायचं, पण घरटं होतं कूलरमध्ये आणि कूलर होता ट्रकमध्ये. व्हरांड्यात त्याच्या जागी फरशीचा एक स्वच्छ चौकोन उरला होता. शकुनने खोकं त्या चौकोनात ठेवलं. पाच मिनिटांत समोरच्या तारेवर तीन कावळे आले. तिने खोकं उचलून आत आणलं. पुन्हा ठेवलं. पुन्हा आणलं.

दोनच्या सुमारास दिगंबरराव आले. त्यांना ट्रक सुटलेला हवा होता. शकुनने सगळं सांगितलं.

"कूलर कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"सगळ्यात आत. त्याच्या पुढे पलंग, कपाट, वॉशिंग मशीन."

"शकुन, दोरखंड बांधून झालेत. उशीर झाला तर ट्रक रस्त्यात अडकेल. खोकं ठेव, येईल ती."

"उघड्यावर ठेवलं की कावळे येतात. अहो, मी दोनदा ठेवून पाहिलं."

"मग केंद्रात नेऊ."

"त्या म्हणाल्या, आधी आईला संधी द्या."

दिगंबरराव व्हरांड्याच्या दाराशी गेले आणि जाळीतून पाहत उभे राहिले. मी खोक्यात, त्यांच्या पायाशी होते. बाहेर चिक-चिक-चिक असा आवाज येत होता. सकाळपासून येत होता, पण खोक्यांच्या गडबडीत तो कुणी ऐकला नव्हता. एक खार कठड्यावरून खाली आली, त्या स्वच्छ चौकोनाभोवती फिरली, मध्यभागी गेली, थांबली, परत कठड्यावर चढली. पुन्हा आली. पुन्हा तिथेच फिरली. तिला कूलर दिसत नव्हता आणि तो का दिसत नाही, हे तिला कळत नव्हतं.

"तिचं घर आपण ट्रकमध्ये भरलं आहे, बाबा," नूपुर म्हणाली.

दिगंबरराव खाली गेले. मुकादमाचा चढलेला आवाज ऐकू आला, त्यात दिगंबररावांचा एकच शब्द पुन्हा पुन्हा. "उतारो." दोरखंड सुटले. कपाट खाली ठेवल्याचा दणका झाला. पाऊण तासाने कूलर जिना चढून आपल्या चौकोनात परत आला. शकुनने माझ्यात नवीन कोमट पाणी भरलं, खोक्याला एका बाजूने मोठं भोक पाडलं आणि पिल्लांसकट मला कूलरच्या आत, त्याच जाळीपाशी ठेवलं. वरचं झाकण तिने किलकिलं ठेवलं. खारीला वाट, कावळ्यांना नाही. ट्रक कूलर न घेताच गेला.

दार बंद झालं. मी आणि तिघं.

मित्रांनो, वाट पाहणं मला चांगलं जमतं. चार वर्षं मी दुसरं काय केलं होतं? पण त्या दुपारी मला एक गोष्ट पहिल्यांदा समजली आणि तिने मी हादरले. मी निवत होते. शेकायची पिशवी निवते, तेव्हा ती नुसती गार होत नाही. जे अंगाला चिकटलेलं असतं, त्याची ऊब ती ओढून घेऊ लागते. आजवर माणसांनी मला निवताच बाजूला केलं होतं. ही पिल्लं मला बाजूला करू शकत नव्हती. उलट मी गार होत गेले तशी ती मला जास्त बिलगली. मी त्यांना ऊब देते आहे की त्यांची घेते आहे? मला ओरडता येत नव्हतं, सरकता येत नव्हतं. दूध प्यायलेलं पिल्लू माझ्या गळ्यापाशी होतं. त्याच्या श्वासात टिक-टिक असा आवाज येत होता.

आत दाराशी कुजबूज चालू होती.

"आई, तास झाला. पाणी बदलायला पाहिजे."

"ती कठड्यावर आली आहे. आत्ता दार उघडलं तर पळेल."

"नाही बदललं तर ते मरतील."

काय बरोबर, हे शकुनला ठरवता येत नव्हतं. शेवटी तिने दार उघडलं. खार उडी मारून शिरीषावर गेली. शकुनने मला काढलं, भरलं, परत ठेवलं. दार पुन्हा बंद झालं. त्यानंतर तासभर खारीचा आवाजसुद्धा आला नाही. शकुनने केलं ते चूक होतं का? मला तेव्हा वाटलं, चूक होतं. पण मी ऊन होते आणि दोन पिल्लं हालचाल करत होती, हेही खरं होतं.

ऊन कलल्यावर जाळीवर नखांचा आवाज झाला. आधी मिशा दिसल्या, मग नाक. ती खोक्यात शिरली आणि माझ्यावरच उभी राहिली. तिने मला हुंगलं. माझ्या गळ्याला दात लावून पाहिला. मी कोण, असा प्रश्न तिला पडला असावा. तिच्या पोरांना पोटाशी घेऊन बसलेली ही लाल वस्तू कोण? मग तिने एक पिल्लू तोंडात धरलं, त्याची गुंडाळी केली आणि गेली. थोड्या वेळाने आली. दुसरं नेलं.

तिसऱ्यांदा ती आली तेव्हा गळ्यापाशी उरलेलं पिल्लू तिने नाकाने ढकललं. ते हललं. तिने त्याला चाटलं. मग ती त्याच्याशेजारी थोडा वेळ बसली आणि त्याला न घेता निघून गेली.

पुन्हा येईल, असं सगळ्यांना वाटलं. मलाही वाटलं. सूर्य मावळेपर्यंत सगळे थांबले. ती आली नाही. का आली नाही? त्याच्या छातीतला आवाज तिने ऐकला का? की काळोख झाला म्हणून? हे मी अजूनही विचारते. वैदेहीदी म्हणतात, नक्की सांगता येत नाही.

दिगंबररावांनी खोकं उचललं. गाडीत नूपुर मला मांडीवर घेऊन बसली. शहराच्या दुसऱ्या टोकापर्यंत ती एकच वाक्य अधूनमधून म्हणत होती. "दूध मीच दिलं."

"ड्रॉपर मी काढून दिला," शकुन म्हणाली. "आपल्याला माहीत नव्हतं."

वैदेहीदींनी पिल्लाला उबदार पेटीत ठेवलं. छातीत दूध गेलं आहे, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. शकुनने मला त्याच्याबरोबर तिथेच ठेवलं. निघताना तिने माझ्या रेघांवरून एकदा हात फिरवला. दोन दिवसांनी ती सगळी नागपूरला गेली.

पिल्लू तीन दिवस जगलं. चौथ्या पहाटे ते माझ्याजवळच गेलं. नूपुर रोज नागपूरहून फोन करायची. त्या दिवशी वैदेहीदींनी तिला खरं ते सांगितलं. मग स्पीकरवरून तिचा आवाज आला, "श्यामसुंदरदांचा फोन आला होता. शिरीषाच्या ढोलीत खार ये-जा करते, म्हणाले. पण तीच आहे का, ते त्यांना माहीत नाही." वैदेहीदी म्हणाल्या, "खारी सारख्याच दिसतात, ग. तू तीच आहे असं समज." मला हे बरोबर वाटलं की नाही, सांगता येत नाही. पण मीही तसंच समजते.

मी आता या केंद्रातच असते. माझ्यावर कितीतरी जीव निजून गेले. भारद्वाजाची दोन पिल्लं, एक मुंगूस, वटवाघळाचं एक लेकरू. काही गेले, काही उडाले. मित्रांनो, तुमच्या घरी, खिडकीत, माळ्यावर असं एखादं पिल्लू सापडेल तेव्हा तुम्ही गोंधळाल. गोंधळायला हरकत नाही, त्या दिवशी आम्ही सगळेच गोंधळलो होतो. फक्त हातून घाई होऊ देऊ नका. त्याच्या तोंडात काही घालू नका. त्याला ऊब द्या, आणि ती ऊब निवते आहे का याच्यावर लक्ष ठेवा. जाणत्या माणसाला फोन करा. त्याची आई कुठेतरी जवळ तुम्ही जाण्याची वाट पाहत असेल, तिला वाट मोकळी करून द्या. आणि ते कितीही गोड दिसलं, तरी पाळायला ठेवू नका. ते तुमच्याकडे चुकून आलेलं असतं.

आज सकाळीच शहरातल्या बेहाला भागातून एक बाई उशीच्या अभ्र्यात काहीतरी घेऊन आल्या आहेत. ते काय आहे, हे अजून कुणालाच कळलेलं नाही. वैदेहीदी मनगटावर पाणी पाहत आहेत. माझं बूच त्यांनी काढलं आहे.